बोलणी कोण करणार आणि नोट्स कोण घेणार

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी २९ वर्षांची, गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत निर्यात विभागात. पूर्व आफ्रिकेतल्या एका वितरकाशी करार फिसकटलाय: माल उशिरा पोचला, गोळ्यांची शेल्फ लाइफ कमी उरली, त्याने पैसे अडवले. कोर्टकचेरीआधी मेडिएशन, म्हणजे तटस्थ मध्यस्थापुढे समेटाची बोलणी, ठरलंय. फाइल पहिल्या दिवसापासून हिच्याकडे. आणि साहेब म्हणतात, "बायका लवकर नमतात. शिवाय तिकडचे लोक बाईशी धड बोलत नाहीत. बोलणी आम्ही करू, तू नोट्स घे." तिने विचारलंय की बायका आणि पुरुष खरंच वेगळ्या वाटाघाटी करतात का, आंतरराष्ट्रीय पातळीवर काय दिसतं, आणि आता तिने काय करावं.

मी फोंड्याला वकिली करते आणि गेली १८ वर्षं मेडिएटर म्हणून बसते. वयाने तू माझ्या भाचीएवढी, म्हणून सरळ तू म्हणते.

आधी उत्तर, मग फोड. फरक आढळतो, पण तो लहान आहे, आणि काही ठरावीक परिस्थितीत दिसेनासा होतो. म्हणजे तुझे साहेब साफ खोटं बोलत नाहीयेत, अर्धवट खरं बोलतायत. साफ खोटं खोडून काढता येतं, अर्धवट खऱ्याशी भांडताना दमछाक होते.

या विषयात एक आकडा फार फिरतो. लिंडा बॅबकॉक या अमेरिकी अर्थतज्ज्ञ बाईंनी कार्नेगी मेलन विद्यापीठातून पदव्युत्तर होऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींचे पहिले पगार तपासले. पगाराची ऑफर आल्यावर 'वाढवून द्या' म्हणणारे मुलगे ५७ टक्के, मुली ७ टक्के. ही २००३ च्या आसपासची गोष्ट. तेव्हापासून 'बायका मागतच नाहीत' हे वाक्य प्रत्येक ट्रेनिंगवाल्याच्या स्लाइडवर जाऊन बसलंय. पण पुढे २०१५ ते २०१९ दरम्यान एमबीए झालेल्यांची अशीच विचारपूस झाली, तेव्हा पगारासाठी घासाघीस केली म्हणणाऱ्या मुली ५४ टक्के निघाल्या आणि मुलगे ४४. मागायला मुली शिकल्या, तरी पगार मागेच राहिले. ही दुसरी स्लाइड मला अजून कुठल्या ट्रेनिंगमध्ये भेटलेली नाही.

मग अडतं कुठे? २००७ साली बॅबकॉक आणि हॅना रायली बोल्स वगैरेंनी प्रयोग केले. तोच उमेदवार, तीच मागणी, एकदा पुरुषाच्या तोंडी आणि एकदा बाईच्या. मागणी करणाऱ्या बाईबरोबर काम करायला लोक कमी राजी होते. थोडक्यात, बाई गप्प बसते ती घाबरट म्हणून, असं नाही. मागितल्यावर मागून काय बोललं जातं हे तिला लहानपणापासून पाठ असतं. 'फारच पुढे पुढे करते' हे आपल्याकडे पुरुषाबद्दल कुणी म्हटलेलं ऐकलंयस?

आता तुझ्या कामाचा भाग. २०१५ मध्ये एकूण ५१ अभ्यास, १० हजारांवर माणसं, एकत्र करून पाहिली गेली. सरासरीने पुरुषांच्या पदरात थोडं जास्त पडतं, हे खरं निघालं. मात्र तीन गोष्टी असल्या की फरक आटतो: वाटाघाटीचा अनुभव असला, सौदा कुठून कुठपर्यंत ताणता येतो याची माहिती आधी हातात असली, आणि माणूस स्वतःसाठी न बोलता दुसऱ्या कुणासाठी बोलत असला. तिसरी गोष्ट २०१० च्या एका प्रयोगातही स्वच्छ दिसली होती. स्वतःच्या पगारासाठी बोलणाऱ्या बायका हात आखडत होत्या. त्याच पगारासाठी मैत्रिणीच्या वतीने बोलायला बसवल्या तर पुरुषांच्या बरोबरीने मागत होत्या. कारण उघड आहे. मुलाच्या ॲडमिशनसाठी, बहिणीच्या सासरच्यांपुढे, अशिलासाठी बाई भांडते तेव्हा तिला कुणी आगाऊ म्हणत नाही.

तू त्या टेबलावर कंपनीसाठी बोलणार आहेस. साहेबांचं म्हणणं थोडंफार लागू पडलंच तर तुझ्या इन्क्रिमेंटच्या बैठकीत पडेल, वितरकासमोर नाही. (इन्क्रिमेंटच्या बैठकीत ते स्वतःच समोरची पार्टी असतात, तो भाग वेगळा.)

यातले बरेचसे प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजांतले, हे विसरू नकोस. आपल्या देशातला एक अभ्यास मात्र मला फार आवडतो. २००९ मध्ये गनीझी, लेनर्ड आणि लिस्ट या तिघांनी टांझानियातले मसाई आणि मेघालयातले खासी यांच्याकडून एकच साधा खेळ करून घेतला: बादलीत चेंडू टाकायचे, आणि मोबदला नुसत्या जमलेल्या चेंडूंवर घ्यायचा की दुसऱ्याशी स्पर्धा लावून, हे आपण निवडायचं. मसाईंमध्ये स्पर्धा निवडणारे पुरुष बायकांच्या दुपटीच्या आसपास होते. खासींमध्ये बायकाच पुढे निघाल्या. खासींकडे मालमत्ता आईकडून मुलीकडे जाते, जावई सासरी राहायला येतो. स्पर्धा म्हणजे वाटाघाट नव्हे, कबूल. पण 'बायकांचा स्वभावच तसा' म्हणणाऱ्याला मी एवढं एक विचारते की कुठल्या बायकांचा?

आता गोव्याची गोष्ट, कारण आंतरराष्ट्रीय मेडिएशन बघायला मला जिनिव्हाला जावं लागत नाही, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ते आठवड्यातून एकदा उघडतं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याची परंपरा अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची सगळी मालमत्ता सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा, आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. मुलीचा वाटा मुलाइतकाच. कागदावर एवढी ताकद असलेल्या बायका देशात इतरत्र क्वचितच सापडतील. आणि तरी बोलणी पुरुष करतात, बायका शेवटच्या दिवशी पर्समध्ये आधार कार्ड घेऊन सहीला येतात. मुली हक्कसोडपत्रावर सही करून माहेरची पुरणपोळी खाऊन परत जातात.

काही वर्षांपूर्वीचं एक प्रकरण सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. फोंडा तालुक्यातलं घर आणि त्यामागचं कुळागर, म्हणजे सुपारीची बागायत. थोरला भाऊ इथेच, बागायत तोच बघणारा. धाकटा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला, स्विंडनला. बहीण सत्तरी तालुक्यात दिलेली. धाकट्याला वाटणी करून आपला हिस्सा रोख हवा होता, थोरला म्हणत होता की एवढे पैसे सुपारी विकून दहा वर्षांत होणार नाहीत. कायद्याप्रमाणे तिघांचे जोडीदारही पक्षकार, म्हणजे सहा माणसं. चार माझ्या टेबलाशी, दोन पडद्यावर.

पडद्यावर खरं तर एकच. धाकट्याची बायको कॅमेऱ्याच्या कडेला बसलेली. तिच्या राखाडी स्वेटरची एक बाही आणि चहाचा मग एवढंच दिसायचं. मध्येच बाही हलायची, मग उचलला जायचा, पुन्हा खाली. दोन बैठका झाल्या, आकडा जागचा हलला नाही. दुसऱ्या बैठकीनंतर माझ्याबरोबर को-मेडिएटर म्हणून बसलेल्या पोरग्याने, तेव्हा तो नवीनच होता, वहीचं एक पान माझ्यापुढे सरकवलं. मी कुणाला नाव घेऊन किती वेळा प्रश्न विचारला त्याच्या उभ्या रेघा मारून ठेवल्या होत्या. थोरल्यापुढे रेघांचे पाच-सहा जुडगे, धाकट्यापुढे चार. बहिणीपुढे तीन सुट्या रेघा. थोरल्या वहिनीपुढे, बहिणीच्या नवऱ्यापुढे आणि त्या स्वेटरवालीपुढे जागा कोरी.

मी स्वतः बाई. तटस्थपणावर इतरांना व्याख्यानं देणारी. त्या पानाचा मला राग आला होता, तो आधी त्या पोराचा आणि मग माझा.

तिसऱ्या बैठकीत मी सुरुवातीलाच म्हटलं, "वहिनी, जरा खुर्ची पुढे घ्या, तुम्ही मला दिसत नाही." ती पुढे आली आणि चार मिनिटांत गाठ कुठे आहे ते कळलं. तिकडे घर घ्यायचं चाललं होतं, कर्ज तिच्या पगारावर होणार होतं, आणि पैसे लागणार होते ते डिपॉझिटपुरते, मार्चच्या आत. उरलेले दोन वर्षांनी आले तरी चालणार होते. नवऱ्याने हे कधी सांगितलं नाही, कारण भावापुढे 'बायकोच्या पगारावर घर' म्हणायला त्याची जीभ रेटेना. थोरल्याला एकरकमी जमत नव्हतं, हप्त्याने जमत होतं. रस्ता पहिल्या दिवसापासून तिथेच होता.

ही 'बाई आली आणि समेट झाला' अशी गोड गोष्ट वाटली असेल तर पुढचं वाच. ती त्या सहा जणांत सगळ्यात चिवट निघाली. हप्त्यावर व्याज मागितलं, कुळागराचं मूल्यांकन दुसऱ्याकडून करून घ्यायला लावलं, आणि शेवटचा आकडा नवरा मागत होता त्याहून वर नेला. थोरला मला नंतर म्हणाला, "मॅडम, तिला पुढे बसवलीत ती तुम्हीच." बायका मृदू असतात म्हणून त्यांना टेबलावर घ्या, असं म्हणणाऱ्यांचा मला साहेबांइतकाच कंटाळा येतो. ती टेबलावर हवी होती कारण माहिती आणि पैसा तिच्याकडे होता.

मोठ्या टेबलांवरही हेच. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी १३२५ क्रमांकाचा ठराव केला, शांतता प्रक्रियेत स्त्रियांना स्थान द्या म्हणून. आणि यूएन विमेन जे आकडे देते ते असे: १९९२ ते २०१९ मधल्या प्रमुख शांतता प्रक्रियांत वाटाघाटी करणाऱ्यांत बायका १३ टक्के, मध्यस्थांत ६ टक्के, सह्या करणाऱ्यांत ६ टक्के. सेनापती, मंत्री आणि बंडखोरांचे म्होरके यांच्यातून माणसं निवडली की दुसरं काय होणार.

उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्ष मिटवायच्या चर्चेसाठी १९९६ साली निवडणूक ठरली, तेव्हा प्रस्थापित पक्ष बायकांना उभं करेनात म्हणून काही जणींनी काही आठवड्यांत पक्षच काढला, विमेन्स कोअॅलिशन. मतं एक टक्क्याच्या आसपास. पण पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जागा असा नियम होता, त्यात त्या आत शिरल्या. मोनिका मॅकविल्यम्स कॅथलिक, पर्ल सेगर प्रोटेस्टंट. सभागृहात त्या बोलायला उभ्या राहिल्या की काही पुरुष सदस्य गाईसारखे हंबरायचे. १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार काढून बघ: हिंसाचारात बळी पडलेल्यांबद्दलची कलमं, दोन्ही धर्मांच्या मुलांनी एकत्र शिकायच्या शाळा, मिश्र वस्त्या. या गोष्टी रेटून आत घालण्यात त्यांचा मोठा हात. तिथेही मला दिसतं ते हेच, की त्या आल्या म्हणून टेबलावर वेगळे विषय आले. सौम्यपणाचा त्यात काही भाग असला तरी हंबरणाऱ्यांसमोर तो फार टिकला नसता.

मिरियम कोरोनेल-फेरर यांचं नाव शोधून वाच. फिलिपिन्स सरकारच्या त्या मुख्य वाटाघाटीकार होत्या, विद्यापीठातल्या प्राध्यापिका. समोर मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंट ही मुस्लिम बंडखोर संघटना. २७ मार्च २०१४ ला अंतिम करारावर मुख्य वाटाघाटीकार म्हणून त्यांची सही आहे.

आता साहेबांचा दुसरा मुद्दा, 'तिकडचे लोक बाईशी बोलत नाहीत'. हा मुद्दा जुना आहे आणि तपासून झालेला आहे. १९८० च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या कंपन्या हेच कारण सांगून बायकांना आशियात पाठवत नसत. नॅन्सी ॲडलर या अभ्यासक बाईंनी पाठवल्या गेलेल्या पन्नासेक जणींनाच गाठून विचारलं. बहुतेक सगळ्यांचं काम उत्तम चाललं होतं, कारण स्थानिक पुरुषांच्या लेखी त्या आधी परदेशी होत्या आणि मग बाई. स्वतःच्या बायकोकडून असलेल्या अपेक्षा त्यांनी परक्या बाईला लावल्या नाहीत. अडथळा आला तो जास्त करून स्वतःच्याच कंपनीकडून. तुझ्या बाबतीत वेगळं काय चाललंय?

हस्तांदोलनाचं मात्र आधी ठरवून ठेव. इराणच्या अणुकराराच्या वेळी अमेरिकेच्या बाजूने वेंडी शेरमन होत्या, आणि समोरचे इराणी अधिकारी परक्या स्त्रीशी हात मिळवत नसत. त्याने २०१५ चा करार अडला नाही. आपल्याला तर नमस्कार आहे. दारातून आत येतानाच दोन्ही हात जोडलेस की अवघडलेपणाचा प्रश्न मिटतो. याच शेरमनबाईंनी नंतर सांगितलंय की व्हिएन्नात अगदी शेवटच्या टप्प्यात समोरच्याने नवीन मागणी काढली, तेव्हा संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या तशाच बोलत राहिल्या, आणि समोरचा गप्प होऊन मागे हटला. याची युक्ती करू नकोस. पण कधी डोळे भरून आलेच तर उठून बाथरूममध्ये पळूही नकोस. पाणी पी आणि वाक्य पुरं कर.

तुझ्या बैठकीचं बोलायचं तर सगळ्यात आधी कागद. बोर्ड रिझोल्यूशनमध्ये (संचालक मंडळाच्या ठरावात) किंवा अधिकारपत्रात तुझं नाव हवं, आणि कुठल्या आकड्यापर्यंत तू कुणाला न विचारता हो म्हणू शकतेस ते आतल्या आत लेखी ठरलेलं हवं. दर दहा मिनिटांनी 'विचारून सांगते' म्हणणाऱ्याच्या खांद्यावरून समोरचा मागे बघायला लागतो. पुरुषाचं असं झालं तर 'ज्युनिअर आहे' म्हणतात, बाईचं झालं तर 'बाई आहे' म्हणतात.

मग माहिती. यात तू साहेबांच्या फार पुढे आहेस, हे तुला प्रश्न लिहितानाही जाणवलेलं दिसत नाही. कुठली बॅच बंदरात किती दिवस अडकली, क्लिअरन्सची कागदपत्रं कुणी उशिरा दिली, माल पोचला तेव्हा किती महिने उरले होते, त्यातला किती त्याने तरीही विकला. शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. विकलेल्या मालाचे पैसे अडवायला त्याच्याकडे काय कारण? त्याने तुमच्याशी काडीमोड घेतला तर नव्या कंपनीचं औषध तिथे नोंदवून घ्यायला त्याला किती वेळ आणि खर्च लागेल? ही तुझी वरची आणि खालची मर्यादा. अभ्यासातली दुसरी अट आठवते ना, ती अशी भरून निघते.

तोंडी आकड्यांवर विसंबू नकोस. २०१४ च्या एका अभ्यासात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना घराच्या सौद्याचं नाटक करायला लावलं होतं, त्यात समोर बाई असली की सरळ सरळ खोटं जास्त वेळा बोललं गेलं, कारण तिला फसवणं सोपं असा समज. त्यामुळे 'स्टॉक सगळा पडून आहे' असं तो म्हणाला की शांतपणे म्हण, "गोदामाचा स्टॉक रिपोर्ट मेडिएटरकडे देता का? आम्ही थांबतो." आणि खरंच थांब. ती शांतता साहेबांना सहन होणार नाही, त्यांना आधी सांगून ठेव.

साहेब आले तर येऊ देत. पण सुरुवातीचं निवेदन आणि पहिला आकडा तुझ्या तोंडून जायला हवा. पहिलं वाक्य ज्याचं, त्याच्याकडेच मग दिवसभर माना वळतात. ते रेघांचं पान मी अजून जपून ठेवलंय.

'आम्ही' म्हण. 'कंपनीला हे परवडत नाही' हे 'मला हे मान्य नाही'पेक्षा बाईच्या तोंडी सोपं जातं, त्यामागचं कारण वर आलंच आहे. हे पटण्यासारखं नाही, मलाही पटत नाही, पण अशिलाचे पैसे पणाला असताना मी समाजसुधारणा पुढच्या तारखेवर ढकलते. 'सॉरी, पण' मात्र एकदाही नको. आणि चहा आला की किटली उचलू नकोस. वाढायची सवय हातात असते, कळतही नाही. मी सीनिअर वकील झाल्यावरही कितीदा ओतलाय.

राहिला मेडिएटर. तो किंवा ती कोण आहे ते ठरलं की बैठकीआधी दोन-तीन दिवस स्वतः फोन कर. प्राथमिक बोलणं करायला बहुतेक मेडिएटर तयार असतात. सांग की आमच्या बाजूने बोलणारी मी, हा माझा हुद्दा, हे अधिकारपत्र, आणि कुणी मध्येच तोडायला लागलं तर माझं वाक्य पूर्ण होऊ द्यावं एवढीच विनंती. असा फोन मला आला की मी त्या दिवशी सकाळी लवकर जाते आणि नावाच्या पाट्या स्वतः मांडते, फोन करणारीची मधल्या खुर्चीसमोर.